जीआरईच्या सराव चाचण्या: देण्याआधी, देताना आणि दिल्यानंतर

जीआरई ही मुख्यतः परदेशांतल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठीची परीक्षा. तिची सराव चाचणी दोन तासांत संपते. तिच्यातून शिकायला चार-पाच तास लागतात, आणि बहुतेक विद्यार्थी नेमके तेच तास वाचवतात. स्कोअर पाहायचा, खूश व्हायचं किंवा खट्टू व्हायचं आणि पुढच्या रविवारी नवी चाचणी उघडायची, असा क्रम चालू राहतो. अशा दहा चाचण्या दिल्या तरी अकरावीत त्याच जातीच्या चुका सापडतात, कारण वजनकाट्यावर रोज उभं राहून वजन बदलत नाही. गुण वाढतात ते चाचणीनंतरच्या तपासणीमुळे. म्हणून इथे सर्वांत जास्त जागा त्या तपासणीला दिली आहे.

परीक्षेचा सांगाडा आणि त्यावरून निघणाऱ्या गोष्टी

सप्टेंबर २०२३ पासून जीआरई जनरल टेस्ट छोटी झाली. आता ती १ तास ५८ मिनिटांची आहे आणि मध्ये ठरलेली विश्रांती नाही. सुरुवातीला नेहमी निबंध असतो: एकच, ३० मिनिटांचा. त्यानंतर व्हर्बलचे (इंग्रजी वाचन आणि शब्द) दोन आणि क्वांटचे (गणित) दोन विभाग येतात, त्यांचा क्रम कसाही असू शकतो. व्हर्बलच्या पहिल्या विभागात १२ प्रश्नांना १८ मिनिटं, दुसऱ्यात १५ प्रश्नांना २३ मिनिटं. क्वांटच्या पहिल्या विभागात १२ प्रश्नांना २१ मिनिटं, दुसऱ्यात १५ प्रश्नांना २६ मिनिटं. व्हर्बल आणि क्वांटचे गुण प्रत्येकी १३० ते १७० या पट्टीवर, निबंधाचे ० ते ६ या पट्टीवर अर्ध्या-अर्ध्या गुणाने मिळतात.

पहिल्या विभागात तुम्ही कसं केलं यावरून दुसऱ्या विभागाची काठिण्यपातळी ठरते. प्रश्नागणिक नव्हे, विभागागणिक. त्यामुळे एका विभागाच्या आत तुम्ही मागेपुढे जाऊ शकता, प्रश्नावर खूण करून ठेवू शकता, उत्तर बदलू शकता. विभाग संपला की मात्र तो बंद. एकाच विभागातल्या सगळ्या प्रश्नांचं वजन सारखं असतं आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणजे एका अवघड प्रश्नावर चार मिनिटं घालवून मिळालेला गुण आणि पन्नास सेकंदांत सुटलेल्या सोप्या प्रश्नाचा गुण यांत काहीच फरक नाही. हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण घड्याळ चालू असताना फार थोड्यांना आठवतं. ते अंगवळणी पाडणं हे सराव चाचणीचं एक मोठं काम आहे.

जुन्या पुस्तकांतल्या चाचण्या २०२३ पूर्वीच्या रचनेच्या असतात: प्रत्येक विभागात २० प्रश्न, व्हर्बलला ३० आणि क्वांटला ३५ मिनिटं, निबंध दोन. त्या टाकून देऊ नका. भागाकार करून पाहिला तर प्रश्नामागचा वेळ तेव्हाही व्हर्बलला दीड मिनिट आणि क्वांटला पावणेदोन मिनिटं होता, आजही जवळपास तेवढाच आहे. २० प्रश्नांच्या विभागातून पहिले १२ प्रश्न १८ किंवा २१ मिनिटांत सोडवा, उरलेले ८ सुटा सराव म्हणून ठेवा. एकच बाब लक्षात असू द्या: पूर्वी एका विषयाचे ४० प्रश्न गुणांत धरले जायचे, आता २७. त्यामुळे प्रत्येक चूक पूर्वीपेक्षा महाग पडते.

चाचण्यांचा साठा जपून वापरा

परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या स्वतःच्या चाचण्या सर्वांत विश्वासार्ह आहेत, कारण प्रश्नांची घडण, पर्यायांमधले सापळे आणि दुसरा विभाग बदलण्याची पद्धत तिथे खऱ्यासारखी असते. पॉवरप्रेप ऑनलाइन या नावाने दोन पूर्ण चाचण्या मोफत मिळतात आणि पॉवरप्रेप प्लस या नावाच्या विकत. अस्सल साठा मोजकाच आहे. तो पहिल्या दोन आठवड्यांत संपवून टाकणं ही तयारीतली सर्वांत सर्रास होणारी चूक. नंतर खऱ्या परीक्षेच्या तोंडावर स्वतःला मोजायला काहीच उरत नाही. तीच चाचणी पुन्हा दिली तर प्रश्न ओळखीचे वाटतात, वेळ वाचतो आणि स्कोअर फुगलेला येतो.

खासगी कंपन्यांच्या चाचण्यांचाही उपयोग आहे, पण तो वेळेच्या सरावाला आणि बैठकीची सवय लावायला. त्यांचा स्कोअर अंदाज म्हणून वहीत लिहू नका. काहींचं क्वांट खऱ्यापेक्षा किचकट आकडेमोडीचं असतं. व्हर्बलमध्ये तर खऱ्या परीक्षेइतका नेमका प्रश्न बनवणं फार कठीण. दोन पर्याय बरोबर वाटावेत आणि एकच खरंच बरोबर असावा, ही कारागिरी सगळ्यांना साधत नाही. खासगी चाचणीतला व्हर्बलचा एखादा प्रश्न दहा मिनिटं विचार करूनही पटला नाही, तर तो सोडून द्या. वाईट प्रश्नाचं तर्कशास्त्र डोक्यात बसवून घेतलं तर नुकसानच होतं.

साठ्याची वाटणी अशी करता येईल. पहिली मोफत पॉवरप्रेप चाचणी तयारीच्या सुरुवातीला द्या, पण अगदी पहिल्या दिवशी नको. शाळेतलं गणित अनेक वर्षांत पाहिलेलं नसेल तर पहिली चाचणी एवढंच सांगेल की तुम्ही सूत्रं विसरला आहात, आणि ते चाचणी न देताही माहीत आहे. आठवडाभर प्रश्नप्रकार समजून घ्या, अंकगणित, बीजगणित आणि भूमिती चाळून काढा, मग बसा. दुसरी मोफत चाचणी परीक्षेच्या दहा-बारा दिवस आधीसाठी राखून ठेवा. विकतच्या चाचण्या घेणार असाल तर त्या शेवटच्या महिन्यात पसरा. मधला काळ खासगी चाचण्यांनी आणि सुट्या विभागांनी भरा.

बैठक खऱ्यासारखी

संगणकावरच बसा, फोनवर नाही. दिवसाची वेळ तीच निवडा जी परीक्षेची आहे किंवा असणार आहे. सकाळी आठची परीक्षा असेल आणि सगळ्या चाचण्या रात्री अकराला दिल्या असतील, तर तुम्ही वेगळ्याच मेंदूचा स्कोअर मोजला आहे. मध्ये उठायचं नाही, पाणी आधी प्यायचं, फोन दुसऱ्या खोलीत.

कॅल्क्युलेटर पडद्यावरचाच वापरा. परीक्षेत तो फक्त क्वांटमध्ये मिळतो, त्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्गमूळ, कंस आणि मेमरीची बटणं एवढंच असतं, आणि माउसने बटणं दाबत बसलं की वेळ जातो. सरावात हातातला कॅल्क्युलेटर वापरणारा विद्यार्थी अंदाजाने मोजायची सवय लावून घेत नाही आणि परीक्षेत अडखळतो. परीक्षा घरून देणार असाल तर आणखी एक फरक आहे: कच्च्या कामाला साधा कागद चालत नाही. लहान व्हाइटबोर्ड किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घातलेला कागद आणि पुसता येणारं मार्कर लागतं. त्यावर जागा पुरत नाही, अक्षर मोठं येतं. शेवटच्या तीन-चार चाचण्या तरी त्याच साधनावर सोडवा. केंद्रावर जाणाऱ्यांना कच्चा कागद तिथेच मिळतो.

निबंध वगळू नका. तो सुरुवातीला असल्यामुळे व्हर्बल-क्वांटला बसताना डोकं अर्धा तास राबलेलं असतं. निबंध सोडून दिलेल्या चाचण्यांचे आकडे थोडे चढेच येतात.

वेळेचे टप्पे

प्रत्येक प्रश्नाला घड्याळ पाहणं घातक आहे आणि अजिबात न पाहणंही. विभागाचे तीन भाग पाडा. क्वांटच्या पहिल्या विभागात चौथा प्रश्न संपताना १४ मिनिटं उरलेली असावीत, आठवा संपताना ७. व्हर्बलच्या पहिल्या विभागात त्याच जागी १२ आणि ६. दुसऱ्या विभागांत पाच-पाच प्रश्नांचे टप्पे: क्वांटमध्ये साधारण १७ आणि ९ मिनिटं उरलेली, व्हर्बलमध्ये १५ आणि ८. हे आठ आकडे कच्च्या कागदाच्या कोपऱ्यात लिहिण्याइतके पाठ करा. व्हर्बलमध्ये थोडी ढिलाई लागेल, कारण रिकाम्या जागांचे प्रश्न मिनिटाभरात सुटतात आणि उताऱ्याचे जास्त खातात. म्हणून टप्प्यावर अर्धा-पाऊण मिनिट मागे असणं चालेल, दोन मिनिटं मागे असाल तर पुढचा अवघड प्रश्न सोडायचा.

सोडायचा म्हणजे कसा, हेही आधी ठरवून ठेवा. प्रश्न वाचून ४०-५० सेकंदांत सुटण्याची वाट दिसली नाही, तर जो पर्याय बरा वाटतो तो निवडा, खूण करा, पुढे चला. कोरा सोडून पुढे जाऊ नका, परत यायला वेळ मिळेलच असं नाही. शेवटचा अर्धा मिनिट उरला की जे काही कोरं असेल ते भरून टाका. एकापेक्षा जास्त उत्तरं निवडायच्या प्रश्नांत आणि दोन-तीन रिकाम्या जागांच्या प्रश्नांत अर्धे गुण नसतात, सगळं बरोबर आलं तरच गुण मिळतो. त्यामुळे वेळ कमी असताना एकाच उत्तराचा प्रश्न आधी सोडवावा.

चाचणी देताना कच्च्या कागदावर आणखी एक काम करायचं आहे, आणि त्याला प्रश्नामागे एक सेकंद लागतो. प्रत्येक प्रश्नाच्या क्रमांकापुढे तीनपैकी एक खूण: बरोबरची खूण म्हणजे खात्री आहे, दोन रेघा म्हणजे दोन पर्यायांत अडकलो, गोल म्हणजे अंदाज. नंतरच्या तपासणीचा पाया याच खुणांवर उभा आहे.

तपासणी: उत्तरं पाहण्याआधी

चाचणी संपली की गुण दिसतील. तेवढे पाहा, पण बरोबर उत्तरं उघडू नका. त्याच दिवशी काही तास विश्रांती घेऊन, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी, दोन रेघा आणि गोल असलेले सगळे प्रश्न घड्याळ न लावता पुन्हा सोडवा. हवा तेवढा वेळ घ्या. नवं उत्तर जुन्या उत्तराशेजारी लिहा. मगच उत्तरं पाहा.

आता तुमच्याकडे दोन आकडे येतात: घड्याळासोबत किती बरोबर आणि घड्याळाशिवाय किती बरोबर. हे दोन आकडे तयारीची दिशा ठरवतात. समजा क्वांटमध्ये वेळेत २७ पैकी १७ बरोबर आले आणि निवांत सोडवल्यावर २४. मग विषय येतो, अडचण वेगाची, पद्धत निवडण्याची किंवा घाबरण्याची आहे. अशाला आणखी सूत्रं पाठ करून काही मिळणार नाही, त्याने सुटे विभाग वेळ लावून सोडवावेत. उलट वेळेत १७ आणि निवांत १८ असेल, तर वेळ हे निमित्त आहे. तिथे चाचण्या थांबवून धडे पुन्हा शिकले पाहिजेत. ‘मला वेळ पुरत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांना हा प्रयोग केल्यावर कळतं की वेळ दुप्पट दिला असता तरी फारसं बदललं नसतं.

खात्रीची खूण असलेले आणि तरीही चुकलेले प्रश्न सर्वांत मौल्यवान. तिथे तुमच्या डोक्यात काहीतरी चुकीचं पक्कं बसलेलं आहे. आणि गोल खूण असलेले पण बरोबर आलेले प्रश्न चुकांमध्येच धरा. ते परीक्षेत पुन्हा बरोबर येतील याची हमी नाही.

यातलं स्पष्टीकरण वाचण्याचं कामही नीट करायला हवं. स्पष्टीकरण वाचून मान डोलावणं म्हणजे शिकणं नव्हे. एकदा वाचा, बंद करा, कोऱ्या कागदावर प्रश्न पहिल्यापासून सोडवा. अडलात तर पुन्हा वाचा. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं की मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवडाभराने, मजकूर न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवतं. वाचल्यावर वाटणारं ‘आलं की’ फसवं असतं ते याच कारणाने.

चुकांची वही

वही असो वा स्प्रेडशीट, ओळीत एवढं पुरे: तारीख, चाचणी आणि प्रश्नक्रमांक, प्रश्नप्रकार, मी काय विचार केला, कुठे घसरलो, पुढच्या वेळी काय करायचं आणि पुन्हा सोडवायच्या तीन तारखा. पूर्ण प्रश्न उतरवण्यात वेळ घालवू नका.

‘कुठे घसरलो’ या रकान्यात एक शब्द लिहायला बंदी घाला: सिली मिस्टेक. तो शब्द लिहिला की विचार थांबतो. प्रत्येक हलगर्जीपणाला आकार असतो. प्रश्नात क्ष विचारला नव्हता, क्ष अधिक ३ विचारलं होतं. कागदावरून पडद्यावर आकडा चढवताना ६ चा ९ झाला. ऋण चिन्ह कंसाबाहेर काढताना दुसऱ्या पदाला लावलं नाही. मिनिटांचे तास केले नाहीत. ‘एक्सेप्ट’ हा शब्द नजरेतून सुटला. असं नेमकं लिहिलं की तीन चाचण्यांनंतर दिसतं की बारा ‘सिली’ चुकांपैकी सात एकाच प्रकारच्या आहेत, आणि त्यांवर एक साधी सवय पुरते. उदाहरणार्थ, उत्तर निवडण्याआधी प्रश्नाचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचणं.

नोंदीचा एक नमुना. क्ष शून्यापेक्षा मोठा आहे एवढीच अट आणि क्ष व क्ष चा वर्ग यांची तुलना करायची. काय विचार केला: २ आणि ३ घालून पाहिले, दोन्ही वेळा वर्ग मोठा, म्हणून वर्ग मोठा असं ठरवलं. कुठे घसरलो: अपूर्णांक घेतलाच नाही. १/२ चा वर्ग १/४, म्हणजे लहान, आणि १ घेतला तर दोन्ही सारखे. बरोबर उत्तर: ‘ठरवता येत नाही’ हा पर्याय. पुढच्या वेळी: तुलनेच्या प्रश्नात ०, १, ऋण संख्या आणि शून्य-एकमधला अपूर्णांक, यांपैकी अटीत बसतील ते सगळे घालून पाहायचे.

पुन्हा सोडवायच्या तारखा साधारण तीन दिवसांनी, दहा दिवसांनी आणि तीन आठवड्यांनी ठेवा. तीनही वेळा मदतीशिवाय सुटला तर नोंदीवर रेघ मारा. नाहीतर तारखा पुन्हा पहिल्यापासून.

कुठे नेमकं चुकतं

क्वांटमध्ये तुलनेचे प्रश्न सोपे दिसतात आणि गुण तिथेच गळतात. वर सांगितलेला संख्यांचा सापळा एक. दुसरा आकृत्यांचा: भूमितीच्या आकृत्या प्रमाणात काढलेल्या असतीलच असं नाही, त्यामुळे ‘दिसतोय तर काटकोनच आहे’ हे चालत नाही. आलेख आणि अक्षांवरच्या आकृत्या मात्र प्रमाणात असतात, तिथे डोळ्यांनी अंदाज घेता येतो. हे दोन्ही नियम परीक्षेच्या सूचनांमध्येच दिलेले आहेत, तरी चाचणीनंतर चाचणी लोक उलटं वागतात. तुलनेच्या प्रश्नाला अचूक किंमत काढायची गरजही सहसा नसते. दोन्ही बाजूंतून सारखं ते वजा करा आणि उरलेल्याची तुलना करा.

पर्यायांच्या पुढे चौकोन असेल तर एकापेक्षा जास्त उत्तरं असू शकतात, गोल असेल तर एकच. घाईत चौकोन दिसत नाही आणि पहिलं बरोबर उत्तर मिळालं की हात थांबतो. उत्तर स्वतः लिहायच्या प्रश्नात अपूर्णांक अतिसंक्षिप्त करण्याची गरज नाही, तिथे वेळ घालवू नका. पण दशांश किती स्थळांपर्यंत मागितला आहे ते मात्र पाहा. तक्त्यांच्या प्रश्नांत टक्के आणि टक्केबिंदू यांची गल्लत होते: २० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर जाणं म्हणजे ५ टक्केबिंदूंची, पण २५ टक्क्यांची वाढ. आणि २० टक्क्यांनी वाढवून २० टक्क्यांनी कमी केलं तर १०० चे ९६ उरतात. ‘असू शकेल’ विचारणारा कुड बी आणि ‘असायलाच हवं’ विचारणारा मस्ट बी यांतला फरक न पाहणं हीसुद्धा वहीत वारंवार दिसणारी नोंद.

व्हर्बलमध्ये वाक्य समतुल्यतेच्या प्रश्नात सहापैकी असे दोन शब्द निवडायचे असतात, जे वाक्यात बसतात आणि वाक्याला सारखा अर्थ देतात. इथे परीक्षक दोन प्रकारचं आमिष लावतो. एक म्हणजे समानार्थी शब्दांची जोडी, जी वाक्यात बसतच नाही. दुसरं म्हणजे वाक्यात छान बसणारा पण जोडीदार नसलेला शब्द. दोन्ही टाळण्याचा उपाय एकच: पर्याय झाकून आधी स्वतःचा शब्द रिकाम्या जागेत ठेवायचा. मराठीत सुचला तरी चालेल. ‘जरी’, ‘तरी’, ‘उलट’ अशा अर्थाचे जोडशब्द वाक्यात कुठे आहेत ते पाहिलं की तो शब्द सुचतोच. तीन रिकाम्या जागांत पहिलीपासून सुरुवात करायचं बंधन नाही, जिचा पुरावा सर्वांत स्पष्ट तिच्यापासून भरा.

तपासणीत शब्दांचं काम वेगळं काढा. चुकलेल्या प्रश्नातला फक्त बरोबर शब्द शिकू नका. सहा पर्यायांपैकी ज्या शब्दांचा अर्थ तुम्हाला एका वाक्यात सांगता आला नसता, ते सगळे कार्डावर घ्या, अर्थासोबत ते वाक्यही लिहा. शब्द येत होता पण वाक्य कळलं नाही, अशी चूक असेल तर तिला शब्दसंग्रहाच्या रकान्यात टाकू नका. ती वाचनाची चूक आहे आणि कार्डं वाढवून ती जाणार नाही.

उताऱ्यांचं बोलायचं तर बहुतेक उतारे एका परिच्छेदाचे असतात. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नात बरोबर पर्याय उताऱ्यातल्या कोणत्या वाक्यावर टेकतो ते शोधून अधोरेखित करा, आणि तुम्ही निवडलेला पर्याय कोणत्या एका शब्दामुळे पडतो तो शब्द लिहून काढा. बऱ्याचदा तो ‘ओन्ली’, ‘ऑलवेज’ किंवा ‘प्रायमरिली’सारखा टोकाचा शब्द असतो, नाहीतर उताऱ्याने न केलेली तुलना.

निबंध

याला फार वेळ देऊ नका, पण शून्यही नको. निबंधाचे सगळे विषय आणि गुणांसह नमुना निबंध ईटीएस स्वतः प्रसिद्ध करते. चाचणीत लिहिलेला निबंध दुसऱ्या दिवशी ४, ५ आणि ६ गुणांच्या नमुन्यांशेजारी ठेवून वाचा. चार-पाच मिनिटं आराखडा, वीस-एकवीस मिनिटं लेखन, उरलेली दुरुस्तीला, अशी वाटणी बहुतेकांना जमते. परीक्षेतल्या संपादकात शुद्धलेखन तपासनीस नसतो, म्हणून सरावातही तो बंद ठेवा. विषयाखाली दिलेली सूचना दर वेळी सारखी नसते. कधी दोन्ही बाजू तपासायला सांगतात, कधी शिफारशीचे परिणाम. चांगला निबंध केवळ ती सूचना न पाळल्यामुळे गुण गमावतो.

किती चाचण्या, कोणत्या आठवड्यात

दहा आठवडे हाताशी आहेत असं धरू. दुसऱ्या आठवड्यात पहिली पॉवरप्रेप. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात पूर्ण चाचणी नको. चाचणीने दाखवलेले कच्चे विषय शिका आणि आठवड्याला तीन-चार सुटे विभाग वेळ लावून द्या. सहाव्या, सातव्या आणि आठव्या आठवड्यात प्रत्येकी एक पूर्ण चाचणी. नवव्यात राखून ठेवलेली पॉवरप्रेप. दहाव्यात पूर्ण चाचणी नाही. एकूण पाच. यापेक्षा जास्त दिल्या तर चालतील, पण अट अशी की आधीच्या चाचणीची वही पूर्ण झाल्याशिवाय पुढची उघडायची नाही. नोकरी सांभाळून तयारी करणाऱ्यांना ही अट जाचक वाटते. त्यांनी चाचण्या कमी कराव्यात, तपासणी नव्हे.

स्कोअर वर-खाली होणारच. एका चाचणीतून दुसऱ्या चाचणीत दोन-तीन गुणांचा फरक प्रश्नांच्या नशिबानेही पडतो, त्याला प्रगती किंवा घसरण म्हणू नका. शेवटच्या तीन चाचण्यांची सरासरी पाहा आणि ती अर्ज करायच्या अभ्यासक्रमांना लागणाऱ्या गुणांशी ताडून बघा. घसरण पाच-सहा गुणांची असेल तर आधी झोप आणि बैठकीची परिस्थिती तपासा, मग पहिल्या विभागात काय झालं ते पाहा. पहिला विभाग थोडा बिघडला की दुसरा सोपा येतो आणि त्या सोप्या विभागात सगळं बरोबर आलं तरी वरचे गुण आवाक्याबाहेर जातात. त्यामुळे पहिल्या विभागातल्या दोन हलगर्जी चुका शेवटच्या आकड्यात मोठ्या दिसतात. लागोपाठ दोन चाचण्यांत कारणाशिवाय घसरण दिसली तर चाचण्या दोन आठवडे बंद. थकलेल्या डोक्याने दिलेली तिसरी चाचणी फक्त धीर घालवते.

उत्तर बदलण्याच्या सवयीचाही हिशोब याच काळात लागतो. कच्च्या कागदावर बदललेल्या उत्तरांची नोंद ठेवा: चुकीवरून बरोबर किती झाले, बरोबरवरून चूक किती झाले. चार चाचण्यांत तुमचा स्वतःचा कल दिसेल. काहींना क्वांटमध्ये बदल तारतो आणि व्हर्बलमध्ये बुडवतो.

शेवटच्या आठवड्यात नव्या प्रश्नांऐवजी वही उघडा. रेघ न मारलेल्या नोंदी पुन्हा सोडवा, रोज एक क्वांट आणि एक व्हर्बल विभाग वेळ लावून द्या, परीक्षेच्या वेळेलाच. आदल्या दिवशी वेळेचे टप्पे आणि ‘पुढच्या वेळी काय करायचं’ हा रकाना एकदा वाचून वही बंद करा.

परीक्षा मनासारखी झाली नाही तर पुढची किमान २१ दिवसांनी देता येते, आणि बारा महिन्यांत जास्तीत जास्त पाच वेळा. खऱ्या परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायचे किंवा लिहून ठेवायचे नसतात, पण स्वतःबद्दल लिहायला हरकत नाही: कोणत्या विभागात वेळ कमी पडला, कोणत्या टप्प्यावर किती मिनिटं मागे होतात, कुठल्या प्रश्नप्रकारावर गोल खुणा जास्त झाल्या. हे घरी पोहोचल्यावर तासाभरात लिहून काढा. मग चुकांची वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळा, त्या प्रश्नप्रकारांच्या रेघ मारलेल्या नोंदीही परत सोडवा, आणि न वापरलेली एखादी अधिकृत चाचणी उरली असेल तर ती या तीन आठवड्यांच्या मध्यावर ठेवा.